‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

मंडळी, या वीकांताला खरं तर अमेरिकन कादंबऱ्यांतल्या खुनशी बायकांवर लिहायचं होतं. तशी सुरुवातही केली होती. पण मध्ये पारनेरला जाऊन आलो आणि विषय घरातच सापडला.

नेहमीसारखाच शनिवारी सकाळी पुण्याहून निघालो. शिरूर आलं आणि गेलं, (तिथे आम्ही कधी थांबत नाही, कारण पुढे येईलच) सुप्याहून आत वळलो. डोक्यात विल्यम मार्चची ‘द बॅड सीड’ घोळत होती. १९५४ सालची कादंबरी. रोडा नावाची आठ वर्षांची मुलगी, नीटनेटकी, गोड बोलणारी. सुवाच्य अक्षराचं पदक आपल्याला न मिळता वर्गातल्या एका मुलाला मिळालं म्हणून ती त्याचा जीव घेते. पुढे कळतं की तिची आजी खुनी होती, म्हणजे दोष रक्तातच! त्याच्या दोन वर्षं आधी, १९५२ साली, स्टाइनबेकच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’मधली कॅथी आली. आईबापांना घरासकट जाळणारी, नवऱ्यावर गोळी झाडून जुळी मुलं टाकून जाणारी. पुढे स्टीफन किंगची अ‍ॅनी विल्क्स (१९८७), गिलियन फ्लिनची एमी (२०१२). या बायकांना ना दया, ना पश्चात्ताप. काही असो, त्या सगळ्या लेखकांनी रचलेल्या आहेत. त्यांना कितीही काळं रंगवलं तरी कुणावर अन्याय होत नाही.

रात्री जेवताना आईला रोडाची गोष्ट सांगितली. आई म्हणाली, “म्हणजे आपली आनंदीबाईच की!”

आमच्या घरात ‘आनंदीबाई’ म्हणजे दोन. एक पेशव्यांची, दुसरी माझी काकू. आधी पहिलीबद्दल.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. पगार थकल्याची तक्रार घेऊन गारदी शनिवारवाड्यात घुसले, म्होरक्या सुमेरसिंग. नारायणराव पेशवा अवघा १८ वर्षांचा. तो धावत काकाकडे, रघुनाथरावांकडे गेला आणि तिथेच मारला गेला. रघुनाथराव तेव्हा त्याच वाड्यात नजरकैदेत होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी तपास केला आणि दोषी धरलं ते रघुनाथरावांना. इथवर सगळं सरळ आहे.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. रघुनाथरावांनी ‘नारायणरावास धरावे’ असा हुकूम लिहिला, आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला. शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलंय, वाक्प्रचारसुद्धा झालाय. हे छापलं कुणी म्हणून शोधत गेलात तर ग्रँट डफ भेटतो. त्याचा मराठ्यांचा इतिहास आला १८२६ साली, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. हुकमातला शब्द बदलला गेला, असं तो सांगतो. पण तो बदल आनंदीबाईने केला याला आधार काय देतो? तर सगळीकडे तसा समज आहे. समज!

बरं, त्या काळचा कारभार मोडीत चाले. मोडीत आधी वर ओळ आखतात आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. अशा दाटीत एक अक्षर बदलून वर काना घुसवायचा आणि कुणाला दिसू द्यायचं नाही, हे बोलायला सोपं आहे. अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण समजा केलं तिने. तरी ‘धरावे’ हा काय साधा हुकूम होता? गादीवर बसलेल्या पेशव्याला, सख्ख्या पुतण्याला, हत्यारबंद भाडोत्री शिपायांकडून धरायचं, हाच मुळात गुन्हा. तो कुणी केला याबद्दल वाद नाही.

आमच्या धंद्यात मध्यरात्री सर्व्हर झोपला की पहिला प्रश्न येतो, “शेवटचा बदल कुणाचा?” एक नाव मिळतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. मग तो बदल मंजूर कुणी केला, धोक्याच्या सूचना आठवडाभर येत होत्या त्या कुणी पाहिल्या नाहीत, हे विचारायचं राहूनच जातं. ‘ध’चा ‘मा’ हे तसंच आहे. थकलेले पगार, ढिला पहारा, काकाची हाव, कटातली बाकी मंडळी... सगळं एका अक्षरात मावलं, आणि ते अक्षर एका बाईच्या नावावर लागलं.

मग नाटककारांनी ते गिरवलं. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आलं १९०९ साली, आणि त्यातल्या आनंदीबाईची तुलना लेडी मॅकबेथशी होऊ लागली. १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’त ती झाली ललिता पवार. १९४२ च्या सुमारास चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांचा डोळा कायमचा अधू झाला होता. तोच डोळा पुढे आपल्याकडे दुष्ट बाईची खूण होऊन बसला. १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेतली मंथराही त्याच! एका नटीची दुखापत आपण कपट म्हणून वाचली. कमाल आहे की नाही?

खरी आनंदीबाई नंतर कुठे होती माहितीय? आमच्याच जिल्ह्यात, कोपरगावला. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव तिथे येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. तेव्हा हिच्या पदरी लहानगा बाजीराव आणि पोटात चिमाजी. पुढची वर्षं पुण्याच्या कारभाऱ्यांच्या पहाऱ्यात काढून १७९४ साली ती गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी अहिल्याबाई गेल्या. त्याही याच जिल्ह्यातल्या, चौंडीच्या. आज जिल्ह्याला त्यांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. मला खटकतं ते इतकंच, की आपल्याकडे बायकांसाठी दोनच कप्पे आहेत, पुण्यश्लोक नाहीतर कैदाशीण. मधल्या कप्प्यात ठेवायला आपल्याला फक्त पुरुष चालतात. रघुनाथरावांना ‘राघोभरारी’ म्हणून अटकेचं श्रेय मिळतंच ना?

आता दुसरी आनंदीबाई. १९८९ साली आमची वाटणी झाली. विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळीत आमच्या वाट्याला आठवड्याचे दोनच दिवस आले. पारनेरसारख्या दुष्काळी भागात याचा अर्थ काय ते सांगायला नको. ठरले होते तीन, काकूने कागद फिरवला, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. काका गेल्यावर ती शिरूरला मुलीकडे राहायला गेली. आम्ही तिथे थांबत नाही ते म्हणून.

रविवारी सकाळी माळ्यावरची ट्रंक काढली. वाटणीपत्र सापडलं. अक्षर आजोबांचं. ‘दोन दिवस’ स्वच्छ लिहिलेलं, अंकात आणि अक्षरातही, कुठे खाडाखोड नाही. खाली काकांची सही आणि शेजारी माझ्या वडिलांची. काकूचं नाव कागदावर कुठेच नाही.

आईला दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाली, “सही ह्यांचीच आहे खरी. पण डोकं तिचंच असणार.”

मी काही बोललो नाही. काय बोलणार? अडीचशे वर्षं आपण हेच म्हणत आलोय.

परत येताना शिरूरला गाडी हळू केली, पण थांबलो नाही. रिकाम्या हाताने, न कळवता, इतक्या वर्षांनी जाऊन काय सांगायचं ते सुचेना. पुढच्या शनिवारी मात्र थांबणार आहे. त्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवलीय.