शिलारसाच्या कोठारांचा माग : भिवंडी ते थळघाट

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाला वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथे उष्ण पाण्याची कुंडे आहेत. योगायोग असा की, १८८२ साली दोन महत्त्वाचे ग्रंथ निघाले : मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड, आणि थॉमस ओल्डहॅम यांनी जमवलेली, त्यांच्या मृत्यूनंतर मुलगा आर. डी. ओल्डहॅम यांनी संपादित केलेली भारतातील उष्ण झऱ्यांची यादी. पहिला ग्रंथ महसुली अधिकाऱ्यांच्या कामासाठी, दुसरा भूवैज्ञानिकांसाठी. कुंडातल्या कढत पाण्यात पाय टाकताना मनात येणारा प्रश्न मात्र साधा असतो : खाली अजून शिलारस धुमसतो आहे का?

नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. कवचात अडकलेला शिलारस काही लाख, फार तर काही दशलक्ष वर्षांत थिजतो. कुंडातले पाणी मुख्यतः पावसाचेच. ते भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते. सातिवलीपासून राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची दक्षिणोत्तर माळच आहे. भेगा कुठे आहेत हे झरे सांगतात. उद्रेकाआधी शिलारस जिथे साठला त्या जुन्या कोठारांबद्दल त्यांची साक्ष घेता येत नाही.

मग साक्ष कोणाची घ्यायची? अमेरिकेतल्या यलोस्टोनखाली भूकंपलहरींच्या आधारे दोन साठ्यांचे चित्र काढता आले. वरचा सुमारे १० हजार घन किलोमीटरचा, त्याखालचा सुमारे ४६ हजारांचा. तो ज्वालामुखी जिवंत आहे आणि जमीन खचून तयार झालेले त्याचे विशाल कुंड आजही दिसते. सह्याद्रीत तसे एखादे केंद्रीय कुंड ठामपणे दाखवता येत नाही आणि साठे तर केव्हाच थिजलेले. इथे जे बाहेर पडले त्यावरूनच आतले रचावे लागते.

पहिली साक्ष डाइकांची, म्हणजे भेगांत शिरून तिथेच थिजलेल्या रसाच्या भिंतींची. मेडलिकॉट आणि ब्लॅनफोर्ड यांच्या भारताच्या भूविज्ञानावरील १८७९ च्या ग्रंथातही कातळ चिरत जाणाऱ्या या उभ्या डाइकांकडे लक्ष गेलेले दिसते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जे. बी. ऑडेन यांनी १९४९ साली पश्चिम भारतातल्या डाइकांचा एकत्र विचार केला. ठाण्या-रायगडाकडचे पुष्कळ डाइक साधारण दक्षिणोत्तर, किनाऱ्याला समांतर जातात. त्यांना लाव्ह्याचे पुरवठा-मार्ग म्हणून टाकण्याचा मोह होतो, पण इथे सावध राहायला हवे. जो डाइक एखादा थर चिरून गेला, तो त्या थरापेक्षा उशिराचा. त्याने वरच्या, आता झिजून गेलेल्या थरांना लाव्हा पुरवला असेल, किंवा तो पृष्ठभागापर्यंत पोचलाही नसेल. पीटर हूपर यांनी १९९० साली किनारपट्टीच्या डाइकांचा संबंध उद्रेकानंतर कवच ताणले जाण्याशी जोडला. पुढे २०११ साली व्हँडरक्लुयसेन, महोनी, हूपर, शेठ आणि रे यांनी डाइकांची रसायने लाव्ह्याच्या थरांशी ताडून पाहिली. वरच्या थरांशी जुळणारे पुष्कळ डाइक नाशिक-पुणे पट्ट्यात निघाले आणि त्यांच्या दिशांना एकच कल नाही. नुसती दिशा किंवा जवळीक पाहून नाते ठरवता येत नाही, हे या पडताळणीने पक्के केले.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा मुंबई-आग्रा रस्त्याने पुढे कसाऱ्याच्या वर, थळघाटात आहे. तिथल्या एका थराच्या काळ्या कातळात प्लॅजिओक्लेज या खनिजाचे फिकट, चपटे, काही सेंटीमीटर लांबीचे स्फटिक दिसतात. करमरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली दख्खनमधल्या अशा मोठ्या स्फटिकांच्या बसाल्टवर स्वतंत्र निबंध लिहिला. लाव्हा उघड्यावर आला की लवकर थिजतो आणि त्याचे कण बारीक राहतात. बोटाएवढा स्फटिक वाढायला शांत, तापलेला आणि हळूहळू निवणारा रस लागतो. म्हणजे हे स्फटिक उद्रेकाआधीच, जमिनीखाली थांबलेल्या रसात वाढले होते. कोठाराचा इतका थेट अवशेष दुसरा नाही.

शिवाय हे थर एकदाच येत नाहीत. कशेळे, थळघाट, मंचर, गिरवली अशा नावांनी ते सह्याद्रीच्या खालच्या थरमालेत अधूनमधून पुन्हा पुन्हा सापडतात. रस साठला, थांबला, त्यात स्फटिक वाढले, मग नवा रेटा आला आणि सगळे बाहेर पडले, असे पुन्हा पुन्हा घडल्याशिवाय ही पुनरावृत्ती समजत नाही. मायकेल हिगिन्स आणि आयआयटी मुंबईचे डी. चंद्रशेखरम यांनी २००७ साली या स्फटिकांच्या आकारांची मोजदाद करून त्यांच्या खालच्या कोठारांचा अंदाज बांधला. वाढीचा वेग धरून काळही काढता येतो. मात्र वेग दहापट चुकला तर काळही दहापट चुकतो, म्हणून अशा आकड्यांपेक्षा क्रमावर मी जास्त विसंबतो.

आणखी एक साक्ष गुरुत्वाकर्षणाची. मुंबईभोवती ते आसपासच्या मानाने जास्त भरते. १९६६ साली तकिन यांनी त्याचा अर्थ खोलवर गोठलेला जड, बेसिक (सिलिका कमी असलेल्या) खडकांचा पिंड असा लावला. तो कोठाराचाच उरलेला सांगाडा असू शकतो. पण एकट्या गुरुत्वमापनातून पिंडाची खोली आणि आकार ठरत नाही : उथळ व पसरट पिंड आणि खोल व आटोपशीर पिंड सारखेच मोजमाप देऊ शकतात.

हे सारे एकत्र ठेवले की महाराष्ट्राखाली एकच प्रचंड टाकी होती हे चित्र टिकत नाही. वेगवेगळ्या काळी भरलेली, वेगवेगळ्या खोलीवरची अनेक कोठारे, हेच पुराव्याला जास्त धरून आहे. भिवंडीच्या खाणींत आज डाइकांचा दगडही खडी म्हणून फुटतो आहे. त्यातला प्रत्येक नमुना कोणत्या डाइकातला, तो डाइक कोणत्या दिशेचा आणि कोणता थर चिरून गेलेला, एवढे लिहून ठेवले तरी तो रसायनाच्या पडताळणीला पुढे वापरता येईल. क्रशरमधून निघालेल्या खडीला हे काहीच विचारता येत नाही.