आर्सेनिक आणि जनुक-नियमन

आर्सेनिक आणि जनुक-नियमन : वर्षानुवर्षे पिण्याच्या पाण्यातून शरीरात गेलेले आर्सेनिक जनुकांची घडण फारशी न बदलता त्यांचे काम चालू-बंद करणारी यंत्रणा बिघडवते. छत्तीसगडात हा प्रश्न गडचिरोलीला लागून असलेल्या अंबागड चौकी भागाचा आहे. कौडीकसा व आसपासच्या गावांतील विहिरी-हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनीही त्यावर संशोधन केले. हे विष कारखान्यातले नाही, तिथल्या खडकांतूनच पाण्यात उतरलेले आहे. ते पाणी पिणाऱ्यांच्या तळहात-तळपायांची कातडी गाठी येऊन खरखरीत होते, छाती-पाठीवर ठिपके उमटतात.

कातडीखालचा बिघाड याहून गंभीर असतो. आर्सेनिक डीएनएवर थेट घाव फारसा घालत नाही, तरी त्वचा, मूत्राशय व फुप्फुसाचा कर्करोग घडवते. ते बाहेर टाकण्यासाठी यकृत त्याला मिथिल गट जोडते. हा गट एस-ॲडिनोसिल मेथिओनीन या रेणूकडून येतो आणि जनुकांचे काम चालू-बंद करणाऱ्या डीएनएवरील मिथिल खुणांनाही तोच रेणू लागतो. मग खुणा सगळीकडेच कमी व्हायला हव्यात, असा आक्षेप येतो. आणि पश्चिम बंगालमधील बाधितांच्या रक्तात तर ट्यूमर रोखणाऱ्या पी५३ व पी१६ जनुकांवर त्या वाढलेल्या आढळल्या. आक्षेप रास्त आहे. केवळ तुटवड्याने उलगडा होत नाही. खुणा लावणारी विकरे आणि डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने यांतही आर्सेनिक ढवळाढवळ करते. म्हणून एका जागी खुणा पुसल्या जातात, दुसरीकडे साचतात.

दुसरा आक्षेप असा की हा सारा कुपोषणाचा परिणाम असावा. पण कुपोषण आणि आर्सेनिक ही वेगळी कारणे मानता येत नाहीत : मिथिल गटांच्या पुरवठ्याला फोलेट हे जीवनसत्त्व लागते, आणि बांगलादेशात ते कमी असलेल्यांना पूरक म्हणून दिल्यावर रक्तातील आर्सेनिक घटले. परिणाम किती काळ टिकतो याबाबत चिलीतील आंतोफागास्ता शहराचा दाखला बोलका आहे. तिथे १९५८ ते १९७० या काळात पाण्यात आर्सेनिक फार होते. १९७० मध्ये शुद्धीकरण सुरू झाले, तरी गर्भात वा बालपणी ते पाणी मिळालेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू पुढे कित्येक वर्षे जास्तच राहिले. याचा सगळा दोष मिथिल खुणांना देता येणार नाही, मात्र संपर्क संपल्यावरही शरीरात काहीतरी टिकून राहते हे नक्की. म्हणून दूषित हातपंप बंद झाला की बाधित गावांतील आरोग्य तपासणी थांबवू नये, आणि रुग्णाच्या केसपेपरवर त्याने लहानपणी कुठले पाणी प्यायले याची नोंद व्हावी.