म्लेच्छ : भाषावाचक अर्थ

अस्पष्ट किंवा न समजणाऱ्या वाणीसाठी प्राचीन भारतात रूढ असलेली संज्ञा. पाणिनीय धातुपाठात ‘म्लेच्छ्’ हा धातू ‘अव्यक्त शब्द करणे’ या अर्थी दिलेला आहे. पुढे परकीय व आचारहीन मानलेल्या जनांचा वाचक ठरलेल्या या शब्दाचा शतपथ ब्राह्मणातील जुना उल्लेख मात्र वाणीविषयीचा आहे. तेथील कथेत वाणीला मुकलेले असुर दुर्बोध उद्गार काढीत पराभूत होतात आणि ब्राह्मणाने तसे बोलू नये, असा निर्बंध सांगितला जातो.

पतंजलीने (इ. स. पू. दुसरे शतक) महाभाष्यात व्याकरणाच्या अध्ययनाची प्रयोजने सांगताना हीच कथा घेतली आहे. तेथे असुरांचा दोष म्हणजे ‘अरयः’ (शत्रू) ऐवजी ‘अलयः’ असा उच्चार होय. ‘र’चा ‘ल’ होणे हे पूर्वेकडील प्राकृतांचे लक्षण असून अशोकाच्या पूर्वेकडील लेखांत ‘राजा’बद्दल ‘लाजा’ आढळते. म्हणजेच अनाकलनीय ठरविलेली ही वाणी वस्तुतः कळण्याजोगी होती. प्रश्न आकलनाचा कमी आणि प्रमाण उच्चाराच्या प्रतिष्ठेचा अधिक होता.

दुर्बोधतेचा हेतुपुरस्सर उपयोगही होत असे. महाभारतात वारणावतास निघालेल्या युधिष्ठिराला विदुर म्लेच्छवाणीत सावध करतो. शब्द ऐकूनही कुंतीला त्यांचा अर्थ लागत नाही. कामसूत्रातील ६४ कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ ही सांकेतिक भाषेची कला अंतर्भूत आहे.

मीमांसकांनी या वाणीकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. ‘पिक’ (कोकीळ), ‘तामरस’ (कमळ) यांसारख्या शब्दांचे अर्थ आर्यांत प्रसिद्ध नसतील, तर ओढूनताणून व्युत्पत्ती न लावता ते म्लेच्छांच्या व्यवहारावरून घ्यावेत, असा निर्णय शबराने दिला. मात्र तो अर्थ वेदप्रामाण्याशी विरुद्ध नसावा. कुमारिल भट्टाने (सातवे शतक) तंत्रवार्त्तिकात द्राविड भाषांचे दाखले दिले. भातवाचक ‘चोर्’ शब्दात संस्कृतज्ञ ‘चोर’ पाहतात, तर सर्पवाचक ‘पाम्प्’मध्ये ‘पाप’. परभाषेवर आपली व्युत्पत्ती लादल्याने अर्थाचा अनर्थ होतो, हे त्याने अशा रीतीने दाखवून दिले.

या शब्दाच्या मूळाविषयी एकमत नाही. पाली भाषेत त्याचे ‘मिलक्ख’ हे रूप आढळते. मेसोपोटेमियन लेखांतील ‘मेलुह्ह’ या प्रदेशनामाशी त्याचा संबंध आस्को पार्पोला यांनी सुचविला. तथापि तो सर्वमान्य नाही. परक्यांच्या बोलण्याचे ध्वन्यनुकरण करणारा ग्रीक ‘बार्बारोस’ हा शब्दही असाच वाणीवरून माणसांकडे वळला. मराठीत ‘म्लेच्छ’ हा शब्द परकीय किंवा परधर्मीय या अर्थी राहिला आणि त्याचा भाषावाचक अर्थ मागे पडला.