सशाची गोष्ट लिहिणाऱ्या पॉटरबाई



माझे शिक्षण सातवीपर्यंतच, म्हणून लेखणी हाती धरताना संकोच होतो. पण इंग्लंडच्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांचे चरित्र वाचले आणि धीर आला. १८६६ साली लंडनच्या सधन घरात जन्मूनही या बाई शाळेत गेल्या नव्हत्या. घरीच शिकल्या, पाळलेल्या सशांची चित्रे काढीत वाढल्या.

१८९३ साली एका आजारी मुलाला रमविण्यासाठी त्यांनी पत्रातून पीटर सशाची सचित्र गोष्ट पाठविली. पुढे तिचे पुस्तक केले, तर प्रकाशकांनी नाकारले. बाईंनी १९०१ साली पदरच्या पैशाने २५० प्रती छापल्या. १९०२ साली वॉर्न प्रकाशनाने ते काढले आणि घरोघरी गेले.

१९०५ साली आईवडिलांच्या मनाविरुद्ध नॉर्मन वॉर्न यांच्याशी लग्न ठरले. महिन्याभरात ते वारले. दुःख गिळून बाईंनी त्याच वर्षी हिल टॉप हे शेत घेतले. सत्तेचाळिसाव्या वर्षी विल्यम हीलिस यांच्याशी विवाह केला, मेंढ्या राखल्या. १९४३ साली निवर्तताना चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्टला दिली.

आजारी लेकराच्या उशाशी आपणही गोष्टी रचतोच ना? त्या वहीत उतरवून ठेवू या.