देकार्त, रने : भूमिती आणि मन-शरीर-द्वैत

(३१ मार्च १५९६ – ११ फेब्रुवारी १६५०). फ्रेंच तत्त्वज्ञ व गणितज्ञ. जन्म तूरेन प्रांतातील ला हे या गावी, शिक्षण ला फ्लेश येथील जेझुइट विद्यालयात. पुढे सुमारे वीस वर्षे नेदर्लंड्समध्ये वास्तव्य आणि मृत्यू स्टॉकहोम येथे. पद्धतीविषयीचे विवेचन व त्याला जोडलेली ‘भूमिती’ (१६३७), ‘चिंतने’ (१६४१), ‘तत्त्वज्ञानाची तत्त्वे’ (१६४४) आणि ‘भावविकार’ (१६४९) हे त्याचे प्रमुख ग्रंथ. आपल्याकडे देकार्त दोन निरनिराळ्या वर्गांत शिकवला जातो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो मन आणि शरीर यांची फारकत करणारा असतो, तर पुण्याजवळच्या ताथवड्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्याच वर्षी भेटणारा देकार्त म्हणजे एक्स, वाय आणि झेड हे अक्ष. या वाटणीमुळे त्याच्या विचाराचा मुख्य सांधाच नजरेआड होतो. मन-शरीर-द्वैत हे देकार्तच्या गणिताला बाहेरून चिकटलेले धार्मिक मत नाही. जड वस्तू पूर्णपणे मोजता यावी म्हणून त्याने तिचे जे रूप ठरवले, त्यातूनच हे द्वैत निघाले, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

‘भूमिती’चे पहिले पान या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. ग्रीक परंपरेत दोन लांबींचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ, तीन लांबींचा म्हणजे घनफळ. चार लांबींच्या गुणाकाराला दाखवता येईल असा अर्थच नव्हता. देकार्तने एक रेषा एकक म्हणून धरली. मग समरूप त्रिकोणांच्या साहाय्याने एकाचे ‘अ’शी जे प्रमाण तेच ‘ब’चे एका चौथ्या रेषेशी, असे मांडता येते आणि अ व ब यांचा गुणाकार हीसुद्धा एक रेषाच ठरते. कितव्याही घाताचे पद रेषेने दाखवता येऊ लागले, वक्र म्हणजे समीकरण झाले आणि ग्रीक गणितज्ञ पॅपसच्या काळापासून रेंगाळलेला बिंदुपथाचा प्रश्न बीजगणिताच्या कक्षेत आला. बीजगणित व भूमिती शेजारी ठेवण्याची रीत आपल्याकडे अपरिचित नव्हती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात दोन्ही प्रकारच्या उपपत्ती दिल्या आहेत. देकार्तचे वेगळेपण असे, की या युक्तीवरून जड वस्तू म्हणजे काय, याविषयीच त्याने निष्कर्ष काढला.

तो निष्कर्ष पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या कोणत्याही मशीनशॉपमध्ये प्रत्यक्ष पाहता येतो. व्हीएमसी या संगणक-नियंत्रित यंत्राच्या टेबलावर जॉब म्हणजे घडवायचा तुकडा बांधला की सेटर त्याचा एक कोपरा किंवा बोअरचे केंद्र शोधतो, तिथे एक्स आणि वायचा झिरो घेतो, टूलची लांबी मोजून झेडचा झिरो ठरवतो आणि ही मूल्ये ‘जी ५४’ या ऑफसेटमध्ये भरतो. तिथून पुढे प्रोग्रामच्या लेखी जॉब म्हणजे त्या झिरोपासून मोजलेली अंतरे. त्याचा रंग कोणता, हाताला गार लागतो की गरम, याची प्रोग्रामला गरज नसते. ‘चिंतने’च्या दुसऱ्या प्रकरणात देकार्त मेणाच्या गोळ्याबाबत हेच करतो. विस्तवाजवळ नेल्यावर मेणाचा वास, रंग, आकार, कडकपणा सगळे बदलते, तरी मेण तेच असते. उरते ते जागा व्यापणे आणि आकार बदलू शकणे. जड द्रव्याचे सार म्हणजे केवळ विस्तार. मग वास, रंग, वेदना, गोडी यांचे काय? त्या अनुभवाला येतात, म्हणून नाकारता येत नाहीत. विस्तारात बसत नाहीत, म्हणून वस्तूत ठेवता येत नाहीत. त्यांना जागा द्यायची तर ती मनातच द्यावी लागते, आणि त्या मनाला लांबी-रुंदी असता कामा नये.

यावर सरळ आक्षेप असा, की देकार्त द्वैतापर्यंत संशयाच्या वाटेने पोचला, भूमितीच्या नव्हे. इंद्रिये फसवतात, जागेपण स्वप्न असू शकते, कोणी कपटी शक्ती गणितातही चकवत असेल. पण संशय घेणारा आहे, एवढे उरतेच. हे खरे, पण त्यातून मनाचे अस्तित्व तेवढे सिद्ध होते, शरीरापासूनचे वेगळेपण नाही. ही उणीव आंत्वान आर्नो याने ‘चिंतने’सोबत छापलेल्या आक्षेपांत अचूक पकडली. अर्धवर्तुळातला त्रिकोण काटकोन आहे हे जाणणारा माणूस कर्णावरच्या वर्गाच्या सिद्धांताविषयी साशंक असू शकतो. म्हणून तो गुणधर्म वगळून असा त्रिकोण असू शकतो का? तसेच शरीराचा विचार न करता मनाचा विचार करता आला, एवढ्यावरून मन शरीराविना असते असे ठरत नाही. देकार्तचे उत्तर असे, की त्रिकोणाचा तो गुणधर्म ही स्वतंत्र वस्तू नाही, पण मन आणि शरीर या प्रत्येकाची कल्पना स्वयंपूर्ण आहे. शरीराची कल्पना विचाराविना स्वयंपूर्ण कशावरून? तर आकार, परिमाण आणि गती एवढ्यांतून तिचे सगळे शास्त्र उभे राहते, यावरून. म्हणजे ऐनवेळी सारा भार भूमितीवरच येतो. कालक्रमही याला धरून आहे. क्रम आणि मापन यांचे एक सर्वव्यापी शास्त्र ही कल्पना सुमारे १६२८ पर्यंत लिहिलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या ‘नियम’ या ग्रंथातच आहे; ‘चिंतने’ त्यानंतरची.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात सहज येईल: देह वेगळा, आत्मा वेगळा हे तर सांख्यांनी कधीच सांगितले. साम्य वरवरचे आहे. सांख्य दर्शनात बुद्धी, अहंकार आणि मन ही प्रकृतीचीच परिणती. ती जड बाजूला पडतात आणि पलीकडे उरतो तो केवळ साक्षी पुरुष. न्याय-वैशेषिकांच्या मते मन हे अणुपरिमाण द्रव्य आहे, आत्म्याहून निराळे. देकार्त संशय, इच्छा, कल्पना, वेदना हे सगळे मनाच्या बाजूला टाकतो. रेघ वेगळ्या ठिकाणी पडली, कारण ती मोक्षासाठी आखलेली नव्हती; मापनासाठी आखलेली होती. जनावरे म्हणजे मनाविना चालणारी यंत्रे, हे त्याचे मतही याच रेघेतून आले. ते चूक आहे. ताथवड्यात शासनाचे वळूमाता प्रक्षेत्र (पैदाशीच्या जनावरांचे केंद्र) आहे. जनावराची भूक, भीती आणि दुखणे ओळखल्याशिवाय अशा ठिकाणी एक दिवसही काम चालणार नाही.

एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. ‘भूमिती’त आज शाळेत काढतात तसे परस्परांना लंब असे ठरीव अक्ष नाहीत, आणि गणितज्ञ पिएर द फर्माने तीच पद्धत स्वतंत्रपणे शोधली होती. अक्षांना देकार्तचे नाव लागले ते पुढच्यांच्या कामामुळेही. पण वक्राचे समीकरण करण्याची कल्पना ‘भूमिती’त आहेच आणि इथे मुद्दा तेवढाच आहे.

खरी अडचण बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने मे १६४३ च्या पत्रात मांडली. ढकलायचे तर स्पर्श हवा, स्पर्शाला पृष्ठभाग हवा. विस्तारच नसलेले मन हात कसा हलवते? देकार्तने उत्तरात मन-शरीर-संयोग ही तिसरी मूलभूत कल्पना मानली. ती शुद्ध बुद्धीने नव्हे, तर इंद्रियांनी आणि रोजच्या वावरातून कळते. ‘भावविकार’मध्ये त्याने मेंदूतील पिनियल ग्रंथीचा आधार घेतला, पण ग्रंथीही विस्तारयुक्तच, त्यामुळे प्रश्न जागेवरच राहिला. संयोगाविषयीची कबुली मात्र मोलाची आहे. स्पष्ट आणि विविक्त कल्पना हीच ज्ञानाची कसोटी मानणारा बुद्धिवादी इथे जगण्यातून येणाऱ्या वेगळ्या ज्ञानाला मान्यता देतो.

विस्तार म्हणजेच द्रव्य, हा भाग तर पदार्थविज्ञानातच टिकला नाही. लायब्निट्सने १६८६ मध्ये दाखवले, की वस्तुमान आणि वेग यांचा देकार्तला अभिप्रेत गुणाकार गतिमान वस्तूच्या बळाचे खरे माप होत नाही. द्रव्यात आकारापलीकडचे काही असते. शॉपफ्लोअरवर हे रोज दिसते. इन्सर्ट झिजतो, स्पिंडल तापतो, बोअरचे माप काही मायक्रॉन सरकते आणि ऑपरेटरला वेअर ऑफसेट बदलावा लागतो. धातू प्रतिकार करतो, आणि तो प्रतिकार नुसत्या अंतरांत लिहिलेला नसतो. तरीही देकार्तने मांडलेला प्रश्न सुटलेला नाही, कारण बळ, उष्णता, मज्जातंतूंतील विद्युत्प्रवाह हे सगळे मोजून झाले तरी वेदना या मोजमापांत कुठे बसते, हे आजही सांगता येत नाही.

देकार्त वाचायचा तर ‘चिंतने’ची दुसरी आणि सहावी प्रकरणे आर्नोच्या आक्षेपांसह व एलिझाबेथच्या पत्रांसह घ्यावीत, आणि ‘भूमिती’ची पहिली काही पाने त्यांच्याआधी वाचावीत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती पाने अवघड जाणार नाहीत.