चंची, तोसदान आणि पट्टा

आमच्या माजघरात एकाच खुंटीला दोन वस्तू टांगलेल्या असत. आजोबांची कापडी चंची आणि बाबांचा चामड्याचा पट्टा. त्या चंचीत पानसुपारी नसे. एका कप्प्यात शिशाचे छर्रे, दुसऱ्यात नारळाच्या सोडणाचा काथ्या आणि आतल्या चोरकप्प्यात तपकिरीच्या जुन्या डबीत मोजून ठेवलेल्या ठिणगीच्या केपा. दारू मात्र या सगळ्यांपासून वेगळी, म्हशीच्या शिंगात. शिंगाच्या तोंडाला लाकडी बूच आणि बुचाभोवती मेण.

आजोबांची बंदूक ठासणीची होती. आधी दारू, मग काथ्या, मग छर्रे, पुन्हा काथ्या, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासायचं. अंधारात, पावसात, डुकरं भातात घुसलेली असताना दुसरा बार भरायला लागणारा वेळ फार मोठा. म्हणून कुठली गोळी, किती दारू यापेक्षा कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे, हे बोटांना पाठ असावं लागे. शिंगातली दारू ते थेट नळीत कधी ओतत नसत. बांबूच्या मापट्यात आधी काढून घेत. नळीत आधीच्या बाराची ठिणगी राहिली असेल, तर पेटेल ते मापटं. हातातलं शिंग वाचेल.

हे शहाणपण फार जुनं आहे. जामगीच्या बंदुकीचा शिपाई पेटती वात आणि दारू दोन्ही घेऊन चाले, तेव्हा या दोघांत अंतर राखणं हाच जगण्याचा नियम होता. युरोपातले बंदूकधारी सतराव्या शतकात खांद्यावरच्या आडव्या पट्ट्याला लाकडी नळकांडी लटकवत. एका नळकांड्यात एका बाराची मोजलेली दारू. पुढे दारू आणि गोळी एकत्र कागदात गुंडाळायची युक्ती रुळली. ‘काडतूस’ हा आपला शब्द पोर्तुगिजांच्या ‘कार्तुश’वरून आलेला आहे. अशी काडतुसं ठेवायची चामडी पेटी म्हणजे तोसदान. हा शब्द मात्र फारसी वळणाचा. शस्त्र एक, त्याच्या साठ्याची नावं दोन वाटांनी आलेली.

कागदी काडतूस दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. त्या कागदाला लावलेल्या चरबीवरून १८५७ चा उठाव पेटला, हे आपल्याला ठाऊक आहे. बार कशात गुंडाळला आहे, ही बाब इतकी मोठी ठरू शकते.

त्यानंतर १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. आमच्यासारख्या शेतकऱ्याची गरज कायद्याच्या पुस्तकात लिहिली गेली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. शिकारीवर बंधनं घालणारा १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर बहुतेक बार हवेतच झाले. डुकरं पळाली की काम झालं.

बाबांनी काडतुसाची बंदूक घेतली, बारा बोअरची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. आता दारू, छर्रे, केप सगळं एका नळकांड्यात आलं आणि चंचीची जागा पट्ट्यानं घेतली. पट्ट्याला पंचवीस घरं होती. बाबा त्यातली सहाच भरत. उजवीकडे बारीक छर्ऱ्याची चार, डाव्या टोकाला मोठ्या छर्ऱ्याची, म्हणजे एलजीची, दोन, मधली घरं रिकामी. अंधारात चाचपताना चूक होऊ नये म्हणून. बांधावरून चालताना बंदूक रिकामी असे, काडतुसं पट्ट्यात.

पण एका पावसाळ्यात पट्टा तसाच भरून खुंटीला राहिला. दिवाळीत काढला तर पितळी बुडांवर हिरवा कळंक चढलेला आणि कागदी अंग फुगलेलं. एकही काडतूस बंदुकीत सरकेना. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळेला खातात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या सैन्यानं याच त्रासापायी चामडी घरं सोडून विणलेल्या कापडाचे पट्टे धरले. तेव्हापासून बाबांनी काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून भाताच्या कणगीत ठेवली आणि पट्टा वापरापुरताच भरला. पुढे प्लॅस्टिकच्या अंगाची काडतुसं आली आणि ओलीची भीती कमी झाली. प्लॅस्टिकमुळे रंगाची खूणही सोपी झाली. वीस बोअरचं काडतूस पिवळं असतं, कारण ते चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं तर आत घसरून अडकतं. त्यामागे दुसरं भरून बार काढला तर नळी फुटते. म्हणून वेगवेगळ्या बोअरची काडतुसं एका पिशवीत कधी ठेवत नाहीत.

जामगीपासून प्लॅस्टिकपर्यंत इतक्या वस्तू बदलल्या, पण अडीनडीला उपयोगी पडलं ते नेहमी तेच: थोडं, कोरडं, वेगळं आणि मोजलेलं. साठा मोठा असणाऱ्याचा बार होतोच असं नाही. साठा नीट ठेवणाऱ्याचा होतो.

कोकणातल्या घराघरांतून या वस्तू आता भंगारात जात आहेत. तुमच्या माळ्यावर असं शिंग, मापटं, तोसदान किंवा रिकामा पट्टा असेल, तर विकू नका. पुसून ठेवा, कुणाचा होता ते चिठ्ठीवर लिहा, जवळच्या संग्रहालयाला दाखवा. मात्र आत जुनी दारू, केपा किंवा जिवंत काडतुसं सापडली तर त्यांना हात लावू नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा.