ऑफर लेटर आलं; सही करण्याआधी पगाराचं कसं बोलायचं?

"पगाराची अपेक्षा किती?" हा प्रश्न मुलाखतीत आला की आपली हुशार मुलंमुलीही अडखळतात. "सर, तुम्ही द्याल ते," म्हणून मोकळी होतात. पैशाचं बोलणं म्हणजे हावरटपणा, असं आपणच घरात शिकवलेलं असतं. पण पगार हा मेहनतीचा मोबदला आहे. पहिला आकडा कमी ठरला तर पुढची टक्केवारीची वाढही त्याच कमी आकड्यावर मिळते. म्हणून पालकांनी आणि मुलांनी एकत्र बसून पुढच्या गोष्टी समजून घ्याव्यात.

सीटीसी म्हणजे हातातला पगार नव्हे

कंपनी तुमच्यावर वर्षभरात जो एकूण खर्च दाखवते, तो सीटीसी. समजा तो ३,६०,००० रुपये, म्हणजे महिना ३०,००० आहे आणि मूळ पगार (बेसिक) १५,००० आहे. मग हिशोब असा होतो:

- कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के: १,८०० रुपये वजा
- ग्रॅच्युइटीची तरतूद: सुमारे ७२० रुपये वजा
- तुमच्या वाट्याचा पीएफ: १,८०० रुपये वजा
- महाराष्ट्रातला व्यवसाय कर: २०० रुपये वजा (फेब्रुवारीत ३००)

हातात उरतात सुमारे २५,४८० रुपये. सीटीसीत 'व्हेरिएबल' किंवा कामगिरीवरचा बोनस धरला असेल तर दरमहा आणखी कमी. म्हणून एचआरला सरळ विचारा, "दर महिन्याला खात्यात नक्की किती जमा होतील?"

बेसिककडे लक्ष द्या

पीएफ आणि ग्रॅच्युइटी बेसिकशी जोडलेली असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीची रक्कम वेतनातच धरली जाते.

रत्नागिरी-रायगडहून गल्फला जाणाऱ्यांनी तर हे आधी बघावं. दुबईतल्या दोन ऑफर, दोन्ही ५,००० दिरहमच्या. एकीत बेसिक ४,०००, दुसरीत २,०००. तिथल्या कायद्याप्रमाणे नोकरी संपल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक मिळतं. म्हणजे वर्षाला एकीकडे २,८०० दिरहम, दुसरीकडे फक्त १,४००.

बोलायचं कसं?

आधी त्याच शहरात तेच काम करणाऱ्या तीन-चार जणांना पगार विचारून घ्या. मनात दोन आकडे ठेवा: अपेक्षेचा आणि ज्याच्या खाली जायचं नाही तो. मग अदबीनं म्हणा, "ऑफरबद्दल आभारी आहे. या कामाचा मला एक वर्षाचा अनुभव आहे. हातात २८,००० मिळावेत अशी अपेक्षा आहे. विचार होईल का?" एवढं बोलून थांबा. समोरच्याला उत्तर देऊ द्या. घरची अडचण सांगू नका, कामाची किंमत सांगा. आधीचा पगार वाढवून सांगू नका. सॅलरी स्लिप मागतात.

आकडा वाढत नसेल तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार, प्रवासखर्च किंवा आरोग्य विमा मागता येतो. हे संभाषण घरी मोठ्या भावाबहिणीला एचआर बनवून दोनदा म्हणून पाहा. तोंडात शब्द बसतात.

मुलींच्या बाबतीत

"तुला कुठे घर चालवायचंय?" म्हणून मुलीला कमी पगारावर हो म्हणायला लावू नका. समान कामाला समान वेतन हा नियम १९७६ च्या कायद्यापासून आहे आणि वेतन संहितेतही तो कायम आहे.

सहीआधी तपासा

- ठरलेली प्रत्येक गोष्ट ऑफर लेटरमध्ये किंवा ईमेलवर लेखी आहे का?
- नोटीस पिरियड किती? बाँड आहे का? मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल?
- मूळ प्रमाणपत्रं मागत असतील तर दाखवून परत घ्या, जमा करू नका.

उत्तर द्यायला दोन दिवस मागणं गैर नाही. त्या दोन दिवसांत ऑफर लेटर घरातल्या जाणत्या माणसाला वाचायला द्या आणि मगच सही करा.